भांबुरकरांच्या हवाबंद खोलीची बखर

श्री गजानन प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख मासी, मुक्काम अकोट, प्रांत वऱ्हाड. समस्त गल्लीकर थोर-लहान मंडळींस नत्थुजी, माजी नकलनवीस, तहसील कचेरी, हल्ली वस्ती भांबुरकरांचे घरासमोरील ओटा, याचा रामराम विशेष. आपण मंडळींनी आमरसाचे पंगतीस बसोन आज्ञा केली की, भांबुरकरांचे घरी पाडव्यापासून अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, जी धामधूम जाहली तिची हकीकत जो तो निराळी सांगतो, कोणी म्हणतो पोट्ट्याने खोलीत गॅस सोडिला, कोणी म्हणतो भुयार खणिले, सबब ज्याने पाहिले त्याने खरा मजकूर लिहून ठेवावा. ऐसियास आम्ही चौतीस वर्षे सरकारी नकला केल्या, त्यात काना-मात्रेची चूक नाही. ओट्यावरून दिसले ते डोळ्यांनी पाहिले, भिंतीआड घडले ते खुशालरावांनी चहा पिता पिता सांगितले, आणि दोहींकडून जे राहिले ते आम्ही अकलेने भरिले. या मोहिमेत आमचे एक यंत्र गुंतले होते आणि आमची एक लबाडीही गुंतली होती, ती ज्या ठिकाणची त्या ठिकाणी येईल.

प्रथम राज्याची हकीकत. खुशालराव भांबुरकर, काळ्या जमिनीचे अकरा एकरांचे धनी, खरिपास कपाशी आणि रबीस हरभरा, स्वभाव बहुत थंड, वाद उपस्थित जाहला की खाटेवर कूस बदलीत. राज्य चाले ते त्यांचे कुटुंब मातोश्री गोदाबाईसाहेब यांचे. त्यांजपाशी फौज नाही, हत्यार नाही, केवळ आवाज. तो ओसरीतून निघाला की आम्ही समोरच्या ओट्यावर पसरलेले पाय आखडून घेत असू. पोटी दोन अपत्ये. वडील कन्या आकांक्षाबाई, अमरावतीस नर्सिंगचे शेवटले वर्षास. धाकटे चिरंजीव कुलदीपराव, वय चोवीस, वजन अठ्ठावन किलो, सकाळचा पहिला प्रहर शेतात खपणार, आणि तेथून आले की एकच ध्यास, की अंगी ताकद यावी आणि दंड ऐसे व्हावे की सदऱ्याची बाही उसवावी. सदऱ्यांनी तीन वर्षे दाद दिली नव्हती.

या कुलदीपरावांनी त्या तीन वर्षांत तबकडी तबकडी जमवून तोफखाना उभा केला. पाच किलोच्या आणि दहा किलोच्या लोखंडी तबकड्या, पाठ टेकावयास एक बाक, आणि वेल्डरकडून करविलेला बारा किलोचा दांडा, असा सर्व सरंजाम त्यांनी घराचे गल्लीकडील कोठीखोलीत नेऊन मांडिला. कोठीखोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब, एक दार, आणि छताखाली वीतभर झरोका. पूर्वी तीत धान्य राहत असे. तोफखाना आत गेला आणि हरभरा बाहेर आला. यंदा हरभरा झकास पिकला, चाळीस कट्टे, म्हणजे पोती, घरी आले, ते ओसरीवर रचिले, त्यावर ताडपत्री घातली, आणि खुशालरावांची खाट सरकत सरकत अंगणात न्हाणीपाशी गेली. तेथेही त्यांनी कूसच बदलली.

मग पाडव्याचे दिवशी मातोश्री गुढीचा पाट काढावयास कोठीखोलीत गेल्या, तो दहा किलोच्या तबकडीवर पायाचा आंगठा आपटला, आणि आंगठा धरून खाली बसतात तो समोर बाकावर चिरंजीव उताणे पडून मोबाइलात आपल्याच दंडाचे चित्रण करीत आहेत. तेसमयी फर्मान निघाले ते गल्लीने ऐकिले. फर्मानाचा मजकूर असा, की "एक तं हरभरा राहीन, नाई तं लोखंड राहीन. अखाजीच्या दिवशी पन्नास-पन्नास किलोचे दोन कट्टे दांड्याले बांधजो अन् जमिनीवरून कमरेपर्यंत उचलजो. उचललं तं खोली तुही. नाई उचललं तं सारं लोखंड भंगारवाल्याच्या गाडीवर जाईन. अन् तोवर मी खोलीत पाय ठेवत नाई, हा माह्या शबूद."

कुलदीपरावांचे तोंडचे पाणी पळाले. कारण त्यांचे बळ नव्वद किलोंवर येऊन ठेपले होते आणि गेले अकरा महिने तेथून तसूभर हलले नव्हते. शंभर किलोंचे नुसते नाव काढिले तरी कंबर दुखे. तीन वर्षांचे लोखंड, ज्यातील तबकडी न तबकडी त्यांनी हाताने घासून गंज काढिला, ती भंगाराचे गाडीवर जाणार, आणि मुदत अवघी एकतीस दिवसांची. त्या दिवशी त्यांनी पुरणाची एकच पोळी खाल्ली.

मग मसलतीस सागरपंत आले. हे कुलदीपरावांचे लंगोटीयार, अकोल्यास शेतकीचे शिक्षण घेत, दर रविवारी एसटीने अकोटास येत, पाडव्याचे निमित्ते मात्र आठवडाभर राहिले होते. ज्ञान बहुत, आणि खात्री ज्ञानाहून बहुत. त्यांनी मोबाइलात कोणा दूरदेशीच्या पहिलवानाचे व्याख्यान ऐकिले होते, ते त्यांनी ओसरीवर हरभऱ्याचे कट्ट्यावर बसोन असे सांगितले, की स्नायू म्हणजे फौज. तीत नेहमीचे धागे ते किरकोळ शिपाई, चिवट, सावकाश राबणारे, आणि आत छावणीत थोरले धागे राखीव बसलेले, दांडगे, पण आळशी, बोलाविल्याखेरीज उठत नाहीत. प्राणवायू म्हणजे या फौजेची रसद. हवेत प्राणवायू कमी केला की रसद तुटते, किरकोळ शिपाई थोड्याच वजनात हैराण होतात, स्नायूत आंबट आंबट जमा होते, आग उठते, आणि मग निरुपाय होऊन राखीव फौजेस कूच करावे लागते. ती रोज उठली की तिचा आळस मोडतो आणि दंड चढतो. सबब शत्रू लोखंड नव्हे, शत्रू हवा. हे ऐकून खुशालरावांनी खाटेवर कूस बदलली.

आता हवा कमी आणावी कोठून, हा पेच पडला. पहिली मोहीम चिखलदऱ्यावर जाहली. डोंगर उंच, तेथे हवा विरळ, असा सागरपंतांचा निर्वाळा. पुढल्याच दिवशी दोघे वीर मोटारसायकलीवर बसोन, मांडीवर दहा-दहा किलोचे डंबेल घेऊन, अंजनगाव-परतवाड्याच्या वाटेने गड चढले, आणि पॉइंटाजवळ उभे राहून कुलदीपरावांनी डंबेल उचलावयास आरंभ केला. परंतु दम लागेना. गार वारा सुटला होता, तो अंगास बरा वाटला, आणि वीस वेळा उचलून दम लागण्याऐवजी भूक मात्र कडकडून लागली. मग कणसे खाल्ली, भजी खाल्ली, एक माकड डंबेलाशी झटू लागले त्याजबरोबर फोटो काढिला. इतक्याशा डोंगराने प्राणवायूस धक्का लागत नाही, हिमालय पाहिजे, असे सागरपंतांचे ध्यानी उतरतीस लागल्यावर आले. फौज रिकाम्या हाते आणि भरल्या पोटी परत आली.

तिसरे दिवशी ओसरीवर बसले असता सागरपंतांनी कट्ट्यात हात घातला, हरभऱ्याचा दाणा काढिला, त्यातून भुंगा निघाला, आणि भुंगा पाहताच ते ताडकन उभे राहिले. त्यांनी सांगितले की, धान्य हवाबंद करून ठेविले म्हणजे भुंगे आतला प्राणवायू संपवितात आणि मग गुदमरून मरतात, हे आपण पुस्तकात वाचिले आहे. जे भुंग्यास साधते ते कुलदीपास का साधू नये. खोली कणगीसारखी लिंपून काढावी आणि आत बसोन कवाईत करावी, म्हणजे हिमालय घरचे घरी. कुलदीपरावांस ही मसलत एकदम पटली. भुंगा शेवटी मरतो याचा विचार दोघांपैकी एकासही शिवला नाही.

परंतु कणगी लिंपावी कशी हे या पिढीस ठाऊक नाही. ठाऊक एकट्या मातोश्रींस. मग मुलूख ज्यांच्याकडून जिंकावयाचा त्यांच्याकडेच तट बांधण्याची विद्या मागावयास कुलदीपराव गेले. मातोश्रींनी विचारिले, कशाले पायजे. यांनी खरे सांगितले. मातोश्रींचा आंगठा अजून सुजलेला होता, तरी शेणाची गोष्ट निघाली की त्यांच्याने गप्प राहवत नाही. त्यांनी शेण किती, काळी माती किती, भुसा किती, आणि वरून कडुनिंबाचा पाला कसा, हे सर्व सांगितले, आणि अखेरीस इतकेच म्हणाल्या, की "भुंगे मारायले लिंपतात बापा, पोट्टे नाई." परंतु त्यांनी मनाई केली नाही. अखाजीपर्यंत खोली त्याची असे बोलून चुकल्या होत्या, आणि दिलेला शबूद फिरविणे त्या राज्यात नाही.

मग दोन दिवस लिंपण चालिले. भिंतीच्या भेगा बुजविल्या, चौकट लिंपली, दाराचे फटीस ओली पोती लाविली, आणि कुलदीपरावांनी पत्र्याच्या उंच कोठीवर चढून झरोक्यात गोणपाटाचा मोठा बोळा ठासून बसविला. कोठी झरोक्यापुढेच उभी, सबब खालून झरोका दिसतही नसे. मोबाइल आत नेण्यास सागरपंतांनी सक्त मनाई केली, कारण तो तापतो आणि खोलीची हवा बिघडवितो. आतले सर्व काम दोनशे वॅटच्या दिव्यात व्हावयाचे ठरले.

आता हवा कमी जाहली की नाही हे मोजावे कसे. येथे आमचे यंत्र येते. महामारीचे साली आम्ही बोटास लावून रक्तातला प्राणवायू मोजावयाचे यंत्र घेतले होते, ते आम्ही मखमली कापडात गुंडाळून ठेविले होते, कोणास हात लावू दिला नव्हता. सागरपंतांनी ते चार दिवसांचे बोलीने नेले, ते अखाजीपर्यंत आले नाही. आम्ही चार वेळा मागणे केले. चारही वेळा मोहीम ऐन रंगात आहे असा जबाब मिळाला. हे येथे नमूद करून ठेवितो.

पहिले दिवशी चैत्राचे ऊन, बाहेर बेचाळीस अंश, आणि आत तर भट्टी. कुलदीपराव सकाळी दहा वाजता आत शिरले आणि अकरा वाजता बाहेर पडले, तो अंगाचे पाणी पाणी, डोळे लाल, आणि बोटात यंत्र. सागरपंत शेजारी खांद्यास खांदा लावून उभे राहिले, दोघांनी मान वाकवून वाचिले, आणि यंत्रावर शहाऐंशी. मनुष्याचे रक्तात ते शंभराचे आसपास असावे, आणि येथे शहाऐंशी. रसद तुटली म्हणून दोघांनी एकमेकांस मिठी मारिली.

तेथून मोहीम रोजचे रोज चालू जाहली. दहा वाजता दार बंद, अकरा वाजता दार उघडे. आत करावयास दुसरे काहीच नाही, पाहावयास मोबाइल नाही, बोलावयास माणूस नाही, सबब कुलदीपराव लोखंड उचलीत, ठेवीत, तीस श्वास मोजीत, आणि पुन्हा उचलीत. पूर्वी एकदा उचलून वीस मिनिटे मोबाइल पाहत, तो रिवाज आपोआप मोडला. बाहेर आले की भूक ऐसी लागे की ज्वारीच्या सहा भाकरी, त्यावर वरण, त्यावर दह्याचे वाडगे. मातोश्री वाढीत जात. यंत्रावर बहुतेक दिवस शहाऐंशी येई, कधी अगम्य लिपीतले काही उमटे, तेव्हा यंत्र तापले असे सागरपंत फोनावरून सांगत. आणि पाडव्यापासून एकविसावे दिवशी सहासष्ट आले. कुलदीपरावांनी ओट्यापर्यंत येऊन आम्हांस सांगितले की, नत्थुजी काका, सहासष्ट. आम्ही घाबरून खाली उतरलो आणि ॲम्ब्युलन्स बोलवावी की काय असे विचारू लागलो, तो हे चिरंजीव उभ्या उभ्या टरबूज खात होते. सहासष्टात मनुष्य टरबूज खातो हे आम्ही कोठे वाचिले नव्हते, पण यंत्र आमचेच असल्यामुळे त्यावर अविश्वास दाखविणे जड गेले.

अठ्ठाविसावे दिवशी दांडा आणि तबकड्या मिळून कुलदीपरावांनी शंभरावर दोन किलो उचलिले. एकदाच, पण उचलिले. त्यांनी अकोल्यास खलिता धाडिला आणि सागरपंतांनी उत्तरी फत्ते लिहून पाठविले. परंतु घाई जाहली.

कारण अखाजीचे सकाळी सागरपंत एसटीने अकोल्याहून आले, आणि गिरणीचे काट्यावर पन्नास-पन्नासचे दोन कट्टे मातोश्रींचे डोळ्यांदेखत तोलून आणिले, कासऱ्याने दांड्याचे दोहो टोकांस बांधिले, आणि तेव्हा सागरपंतांचे ध्यानी आले की दांडा बारा किलोचा, तो कट्ट्यांचे शंभरांत धरिलाच नाही. एकूण एकशे बारा. त्यांनी मातोश्रींपुढे हात जोडून अर्जी केली, की दांड्यापुरता दाणा काढावा. मातोश्रींनी हुकूम सांगितला, की "बाजारात पोतं मोजतात, हमालाची पाठ मोजत नाईत." अर्जी फेटाळली गेली. कुलदीपरावांचा चेहरा उतरला, परंतु सागरपंतांनी धीर दिला की, भिऊ नको, तुझ्या पाठीशी सव्वीस दिवसांचा तुटलेला प्राणवायू आहे.

इतक्यात आकांक्षाबाई सणास अमरावतीहून आल्या. पिशवी खाली ठेविली, पाणी प्याल्या, आणि भावाचे बोटात यंत्र पाहून समोर उभ्या राहून म्हणाल्या, की अठ्ठ्याण्णव, झकास. सागरपंत म्हणाले, शहाऐंशी. आकांक्षाबाईंनी त्यांजकडे असे पाहिले की जसे मास्तर पाहतात. मग भावाचा हात धरून त्यांनी सर्वांस दाखविले, की हे यंत्र बोटात घातले म्हणजे त्याचे तोंड समोरच्याकडे होते, घालणाऱ्यास आकडा उलटा दिसतो. त्यावरील इंग्रजी अठ्ठ्याण्णव उलटे केले की शहाऐंशी, आणि नव्याण्णव उलटे केले की सहासष्ट. ज्या दिवशी सहासष्ट आले त्या दिवशी कुलदीपरावांचे रक्तात प्राणवायू काठोकाठ होता.

पुढे त्यांनी सांगितले ते आम्ही शब्दशः उतरून घेतले. त्या म्हणाल्या, की "एवढ्या खोलीत एक माणूस तासभर धापा टाकीन तरी शंभरातला एकच भाग प्राणवायू कमी होईन. अन् खरंच शहाऐंशी असतं तं तू उचलत नसता, पडत असता. ते दूरदेशीचे लोक यंत्रानं हवा कमी करतात, डॉक्टर उशाशी ठेवून. अन् त्याचा किती फायदा होते, यावर त्यायचंच अजून भांडण चालू हाये. वजन जड असलं की स्नायू आवळला जाते, आपलीच रक्ताची वाट आपणच दाबते, तेवढ्या घडीले त्याले प्राणवायू कमी पडतेच. त्यासाठी घराले शेण कायले फासलं बे?" सागरपंत खांबाकडे पाहू लागले. कुलदीपरावांनी फक्त एवढे विचारिले, की "मंग मी सव्वीस दिवस काय केलं?" आकांक्षाबाई म्हणाल्या, व्यायाम केला. परंतु ते त्यांचे कानी पोहोचले नाही.

कारण त्यांची हिंमत त्या आकड्यावर उभी होती आणि आकडा काढून घेताच ती बसली. एकशे बारा किलो समोर, आणि आपण पूर्वीचे नव्वद किलोवालेच, असे त्यांचे मनाने घेतले. ते कोठीखोलीत गेले आणि दार लावून घेतले. वीज त्याच वेळी गेली. पत्र्याची कोठी हरभरा भरण्याच्या तयारीने सकाळीच धुवावयास अंगणात काढिली होती, सबब आत काही नव्हते, केवळ काळोख आणि लोखंड, आणि त्यात कुलदीपराव खाली बसोन एकेका तबकडीवरून हात फिरवीत होते, जसे निरोपाचे वेळी बैलाचे पाठीवरून फिरवावा. हे त्यांनी मागाहून आपल्या तोंडाने सांगितले, म्हणून लिहितो. त्यांस रडू आले होते.

आणि येथे आमची लबाडी कबूल करितो. मोहिमेचे पहिले दिवसापासून, रोज दहा वाजता दार बंद जाहले की, मातोश्री गोदाबाईसाहेब प्लास्टिकचे स्टूल घेऊन गल्लीत येत, झरोक्याखाली ठेवीत, इकडे तिकडे पाहून त्यावर चढत, आणि चिरंजीवांनी ठासलेला बोळा बाहेरून ओढून काढीत. तासभर तेथेच उन्हात पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहत, आतला लोखंडाचा आवाज ऐकत, आवाज थांबला की झरोक्यास कान लावीत, आणि अकरास पाच कमी असता बोळा जागी बसवून घरात जात. आम्ही हे सव्वीस दिवस समोरून पाहिले. पहिलेच दिवशी त्यांनी ओट्यापाशी येऊन आम्हांस इतकेच सांगितले, की "नत्थुजी भाऊ, तुमी काईच पायलं नाई." मागाहून कैरीच्या तक्कूची वाटी आली. ती रोज येत गेली आणि बखरनवीसाचे तोंड रोज बंद होत गेले. तक्कू बहुत चांगला होता.

त्या दिवशी मुदत संपली होती, खोली लिंपण्याचे कारण उरले नव्हते, सर्व मंडळी अंगणात होती. तरी मातोश्रींनी दार लागलेले ऐकिले, घड्याळात दहा वाजलेले पाहिले, आणि स्टूल उचलिले. मग आत काळोखात कुलदीपरावांनी पाहिले, की छताखाली बोळा हलला, मागे सरकला, आणि खोलीत हातभर ऊन पडले. झरोक्यात हिरव्या बांगड्यांचा हात दिसला. आणि त्या हातात बोळा, त्यास बाहेरचे अंगी जुन्या साडीच्या जांभळ्या काठाची मूठ शिवलेली, पक्क्या टाक्यांनी, रोज ओढावयास सोपी जावी अशी. काठाचा जांभळा रंग ओढून ओढून मधोमध उडाला होता. ज्या बाईचे राज्यातून खोली हिसकावून घ्यावयाची, जी लोखंड भंगारात घालावयास निघाली, ती सव्वीस दिवस उन्हात उभी राहून शत्रूस हवा पुरवीत होती. कुलदीपरावांचे छातीत काही भरून आले, आणि ते प्राणवायू नव्हे.

मग ते उठले, दार उघडिले, आणि कोणाकडे न पाहता अंगणात दांड्यापाशी जाऊन उभे राहिले. मातोश्री स्टूल काखेत घेऊन गल्लीतून धावत आल्या. आकांक्षाबाईंनी पाय कोठे ठेवावे ते दाखविले. सागरपंतांनी तोंडातून शब्द काढिला नाही, हे त्यांचे आयुष्यातील पहिलेच. खुशालराव खाटेवरून उठून उभे राहिले, हेही नमूद करण्याजोगे आहे. कुलदीपराव वाकले, दांडा धरिला, छाती भरून श्वास घेतला आणि कोंडिला. कट्टे जमिनीस चिकटून राहिले. मग कासरा कुरकुरला, आणि कट्ट्यांचे बूड मातीपासून सुटले, एक बोट, मग चार बोटे, आणि गुडघ्यापाशी येऊन दांडा अडला. त्या घटकेस मातोश्रींनी श्वास कोंडिला, खुशालरावांनी कोंडिला, ओट्यावर आम्ही कोंडिला, कुंपणापलीकडून पाहणाऱ्या साऱ्या गल्लीने कोंडिला. महिनाभर ज्यासाठी शेण फासले ती प्राणवायूची टंचाई अखेर तेव्हा पडली, आणि ती उघड्या अंगणात पडली. आत छावणीत राखीव फौज उठली. दांडा गुडघा ओलांडून मांडीवरून घासत वर चढला, कंबर ताठ जाहली, आणि एकशे बारा किलो घेऊन कुलदीपराव उभे राहिले. मातोश्रींनी तीनपर्यंत मोजिले आणि हुकूम दिला, की "ठेव आता, कट्टा फाटीन." कट्टे खाली आले तेव्हा गल्लीने श्वास सोडिला.

येणेप्रमाणे वैशाख शुद्ध तृतीया, बुधवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कुलदीपराव खुशालराव भांबुरकर यांनी कोठीखोली फत्ते केली. मातोश्रींनी तेथल्या तेथे सांगितले, की खोली तुही, लोखंड तुहं, मी शबूद पाळते. आणि त्या वळून चुलीकडे जावयास निघाल्या, कारण आंबे पिळावयाचे राहिले होते. तो कुलदीपरावांनी वाकून दांड्याचा कासरा सोडिला, एक कट्टा खांद्यावर घेतला, आणि तो कोठीखोलीत नेऊन ठेविला. मग दुसरा. मग ताडपत्री काढून तिसरा. मातोश्री चुलीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, की "काहून? जिकला ना तू?" कुलदीपराव म्हणाले, की "हो. मंग माही खोली मी हरभऱ्याले देऊन राहिलो. मले बाहेर हवा पायजे." मातोश्रींनी पदराने डोळे पुसले आणि कांदा चिरला नसता कांद्यावर घातले. चाळीस कट्टे दुपारपर्यंत आत गेले, एकट्या माणसाने नेले, आणि खुशालरावांची खाट ओसरीवर परत आली.

मग तह जाहला तो असा, की खोली हरभऱ्यास, अंगणातील कडुनिंबाखालची जागा लोखंडास, झरोका बारमाही उघडा, आणि सागरपंतांनी यापुढे पुस्तक वाचिले तरी दोन दिवस थांबून मग बोलावे. आमचे यंत्र त्याच सायंकाळी परत आले, मखमली कापड आले नाही. आम्ही ते बोटात घातले, समोर आकांक्षाबाईंस उभे करून वाचावयास लाविले, आणि सत्त्याण्णव असल्याची खात्री करून घेतली. गोणपाटाचा बोळा फेकावा असे सागरपंतांनी सुचविले होते. तो कुलदीपरावांनी दिला नाही. जांभळी मूठ वर करून त्यांनी तो कडुनिंबास खिळ्याने टांगिला आहे, आणि वजन उचलण्यापूर्वी त्यास हात लावितात.

आता ही बखर लिहिते वेळची हकीकत. रोज दहा वाजले की गोदाबाईसाहेब अजूनही स्टूल उचलतात आणि गल्लीकडे दोन पावले टाकतात. मग ध्यानी येते. मग परत फिरून कडुनिंबाखाली स्टूल ठेवितात, त्यावर बसतात, आणि चिरंजीवांनी किती वेळा उचलिले ते मोजतात. तक्कूची वाटी आम्हांस येईनाशी जाहली आहे, सबब वरील सर्व मजकूर निर्भयपणे लिहिला. लेखन पुरे.